क्षेत्री जाऊन काय आणावे?



दोन वर्षांमागे वैशाखात पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर अखंड हरिनाम सप्ताहासाठी जाण्याचा योग आला. कोकणातल्या सप्ताहाचे दिवस वाचकांच्या परिचयाचे आहेत. राब भाजून झालेले, पाऊस अजून लांब, मुंबईची चाकरमानी मंडळी गावी आलेली, देवळापुढे मांडव आणि मांडवात विण्याचा पहारा. काल्याच्या आदल्या रात्री कीर्तनसेवा आमच्याकडे होती. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी मंडळाच्या अध्यक्षांनी आमच्या हाती शाल-नारळ दिला आणि कानाशी सांगितले, "महाराज, आबांचा नातू परदेशच्या मोठ्या विद्यापीठात निवडला गेलाय. दोन शब्द बोला."

आम्ही बोललो. दोन शब्द कसले, वीस वाक्ये बोललो. वाडीचे नाव सातासमुद्रापार गेले, माळकऱ्याच्या घरी सरस्वती पाणी भरू लागली, असे काय काय बोललो. टाळ्या झाल्या. मुलगा नारळ घेऊन खाली मान घालून उभा होता. ती मान विनयाने खाली आहे असे आम्हाला वाटले.

पंगत उठल्यावर आबा जवळ येऊन बसले. आबांची उमेद मुंबईच्या गिरणीत गेली. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते भातशेतीवर राहिले. गळ्यात माळ आहे. आषाढात लावणीचे दिवस, म्हणून कोकणातल्या पुष्कळ माळकऱ्यांप्रमाणे त्यांची वारी कार्तिकीची, आणि ती चुकत नाही. मुलगा महाडला कारखान्यात. नातू रोज एस.टी.ने महाडला जाऊन अकरावी शास्त्र झालेला, नात आठवीत. आबांनी पिशवीतून एक कागद काढून पुढे ठेवला. इंग्रजी मजकूर, वर विद्यापीठाची मुद्रा, खाली कोणा मोठ्या माणसाची सही. "आपली निवड झाली आहे" असे त्यात होते, आणि त्याच्या पुढच्या पानावर फी होती. जुलै महिन्यात दोन आठवडे राहायचे, शिकायचे आणि परत यायचे. विमानाचे भाडे धरून खर्च सहा लाखांच्या घरात.

आबा म्हणाले, "महामार्गाच्या रुंदीकरणात आमचं खालचं शेत गेलं. त्याचे पैसे बँकेत आहेत. ते काढू का, महाराज?"

आम्ही तिथल्या तिथे म्हटले, "छे, छे! कशाला काढता? तिकडे असे काय ठेवले आहे? मुलात गुण असेल तर तो इथेही दिसेल. जे पिंडी तेच ब्रह्मांडी."

मुलगा खांबाला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "महाराज, एक विचारू? मघाशी कीर्तनात तुम्हीच सांगितलंत की विठ्ठल घरीही आहे, शेतातही आहे. मग आबा दर कार्तिकीला पंढरपूरला का जातात?"

आबा रागावले. "महाराजांना उलट बोलतोस?" आम्ही म्हटले, "बोलू द्या." पण खरे सांगायचे तर उत्तर सुचत नव्हते म्हणूनच आम्ही तसे म्हटले. दोन घटकांपूर्वी ज्या गोष्टीसाठी आम्ही नारळ दिला, तीच गोष्ट आता आम्ही निरर्थक ठरवीत होतो. नारळ देताना विचार केला नव्हता आणि नको म्हणतानाही केला नाही. त्या रात्री झोप नीट लागली नाही. पुढे या प्रश्नावर पुष्कळ दिवस विचार केला, तो वारकरी बंधुभगिनींपुढे ठेवतो. कारण आता असे कागद महाड-पोलादपुरासारख्या ठिकाणीही येऊ लागले आहेत, आणि लोक आपल्याकडेच विचारायला येतात.

प्रथम हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी मोठी असते. विद्यार्थी घरी जातात, वसतिगृहे रिकामी पडतात. त्या काळात विद्यापीठे उन्हाळी वर्ग भरवतात. हार्वर्डचा उन्हाळी वर्ग १८७१ सालचा, म्हणजे ही चाल जुनी आहे. अलीकडे या वर्गांत शाळकरी मुलांसाठी, कॉलेजच्या दाराशी येण्याच्या आधीच्या वयासाठी, वेगळे दोन-तीन आठवड्यांचे वर्ग मोठ्या प्रमाणावर निघाले आहेत. मुलांनी तिथे राहावे, मोठी ग्रंथालये पाहावीत, प्रयोगशाळेत हात घालावा, शेवटी प्रमाणपत्र घ्यावे, असा क्रम. नामांकित ठिकाणी दोन आठवड्यांचे पाच हजार डॉलर आणि त्याहून अधिकही पडतात. म्हणजे आपले चार लाखांच्या वर. या वर्गाला गेल्याने पुढे त्या विद्यापीठात प्रवेश मिळेल असे नाही. हे विद्यापीठे स्वतःच सांगतात, पण ते वाक्य बारीक टाइपात असते आणि मुद्रा मोठी असते.

सगळेच वर्ग असे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतच एम.आय.टी.मध्ये भरणारा, १९८४ पासून चाललेला एक उन्हाळी संशोधनवर्ग निवडक मुलांना घेतो आणि त्यांच्याकडून फी घेत नाही. आपल्याकडे मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे दर उन्हाळ्यात गणिताच्या व विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी मुलांची शिबिरे भरतात. परीक्षेच्या पायऱ्या चढून जो येईल त्याला तिथे जागा. इस्रोने २०१९ साली नववीच्या मुलांसाठी 'युविका' नावाचा दोन आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्याच्या निवडीत पंचायत हद्दीतल्या शाळेच्या मुलांना जादा गुण धरतात आणि खर्च संस्थाच करते. आणि आपल्या संप्रदायातही हा प्रकार नवा नाही. सुट्टीत आळंदीला आणि गावोगाव मुलांची वारकरी शिबिरे भरतात. महिनाभर मुले हरिपाठ, मृदंग, चाली शिकतात आणि जून उजाडला की शाळेत परततात. म्हणजे सुट्टीत मूल थोर ठिकाणी ठेवावे ही कल्पना आपल्याला परकी नाही. ठेवायचे ते कशासाठी, एवढाच प्रश्न.

आता मुलाच्या शंकेकडे वळू. ठिकाणात काही नाही म्हणावे, तर आपण वारकऱ्यांनी ते म्हणू नये. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी चालणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही. बरे, ठिकाणातच सर्व आहे म्हणावे, तर पंढरपुरात जन्मलेला प्रत्येक जण संत झाला असता. मग ठिकाणात आहे तरी काय?

याचे उत्तर आम्हाला आबांनीच दिले, पण नकळत. दुसऱ्या दिवशी काल्यानंतर ते सहज जुन्या गोष्टी सांगत होते. तरुणपणी गिरणगावात त्यांचा आवाज नावाजलेला होता. भजनात त्यांच्यावर आवाज चढवणारा कोणी नव्हता. पहिल्यांदा दिंडीत गेले तेव्हा वाटले, आता आपल्याला पुढे बोलावतील. तिथे पाहतात तो मागच्या ओळीत उभा असलेला एक साधा गुराखी असा काही अभंग म्हणत होता की आबांनी आपला टाळ छातीशी धरला आणि गप्प ऐकत राहिले. "त्या दिवशी मला कळलं, महाराज, की मला गाता येत नाही. आणि त्या दिवसापासून मी गायला शिकलो."

क्षेत्राला जाऊन जे मिळते ते हे. देव घरी आहे, पण संगती घरी नाही. वाडीत जो मुलगा गणितात पहिला, त्याला आपण किती पाण्यात आहोत हे वाडीत कळत नाही. त्याच्याहून पुढची दहा मुले एका खोलीत भेटली, गुरुजींना अडवून विचारणारी मुले भेटली, म्हणजे कळते. घराबाहेर जाण्याचा अर्थ हा आहे. म्हणून "तिकडे काय ठेवले आहे" हे आमचे बोलणे चुकीचे होते.

पण याच ठिकाणी दुसरी बाजूही उभी राहते. गोरोबाकाकांच्या घरची कथा आपण दर वर्षी सांगतो. संतमेळा जमला होता. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून मडके कच्चे की पक्के ते पाहिले. कच्चे कोण निघाले? नामदेव महाराज! जे पंढरीतच राहत, ज्यांच्या हातून देव जेवत असे, ज्यांच्याइतका क्षेत्राचा सहवास कोणालाच नव्हता, ते. त्यांना राग आला, रडू आले, ते देवाकडे गेले. आणि देवाने त्यांना आपल्याजवळ ठेवून न घेता औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवले. या कथेत दोन्ही गोष्टी आहेत. थोर ठिकाणी राहिल्याने मडके आपोआप भाजत नाही, ही एक. आणि भाजायचे तर प्रसंगी घर, गाव, प्रत्यक्ष पंढरीसुद्धा सोडून जावे लागते, ही दुसरी. पहिलीच सांगून दुसरी गाळणे ही आम्हा कीर्तनकारांची खोड आहे.

आणि कागदाचे म्हणाल, तर पैठणची आठवण करावी. त्या काळी पैठण हे विद्येचे मोठे पीठ. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना आळंदीने बाहेर ठेवले, ती चार भावंडे पैठणला गेली ती शुद्धिपत्रासाठी, असे परंपरा सांगते. म्हणजे प्रमाणपत्रासाठीच म्हणायचे! त्यांना त्या कागदाची गरज होती, कारण समाजाने दार लावले होते. गरज असताना कागद मागण्यात कमीपणा नाही; ज्ञानोबा माऊलींनीही ती वाट चालली. पण पुढे काय झाले ते पाहा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली ती पैठणच्या पंडितसभेत नव्हे, नेवाशाला, एका खांबाला टेकून आणि लोकांच्या भाषेत. आज घरोघर पारायण होते ते ज्ञानेश्वरीचे. शुद्धिपत्राचे पारायण कोणी करत नाही.

आता पैशाची गोष्ट. काही जण म्हणतील, विद्या विकत घेणेच पाप. आम्हाला तसे वाटत नाही. दिंडीतही भिशी भरावी लागते. पीठ, तांदूळ, गॅस, तंबू, सामानाचा ट्रक, हे कोठून यायचे? तेव्हा राहण्या-जेवण्याचे आणि शिकवणाऱ्याच्या पोटाचे पैसे देण्यात गैर काही नाही. परंतु भिशी भरली म्हणून कोणी वारकरी ठरत नाही, आणि भिशी भरता आली नाही म्हणून कोणाला चालू नको असे म्हणत नाहीत. तो मोकळ्या समाजात चालतो, मिळेल तिथे भाकरी खातो, आणि पंढरपुरात त्याला तोच कळस दिसतो. पैसे भिशीचे असले तर द्यावेत. पैसे नावाचे असले, म्हणजे मुद्रेच्या सावलीत पंधरा दिवस उभे राहिल्याचे असले, तर ती दर्शनाच्या रांगेतली जागा विकत घेण्यासारखी गोष्ट झाली. देवाचे दर्शन त्यानेही होते. पण ज्याची जागा गेली तोही रांगेत कोठेतरी उभा असतो.

आबांच्या घरी तो उभा नव्हता, बसला होता. आबा कागद दाखवत होते तेव्हा त्यांची नात तांब्या-भांडे घेऊन आली आणि चुलीच्या बाजूला बसून सर्व ऐकत राहिली. शेत गेले ते एकट्या नातवाचे नव्हते. सहा लाख काढले तर त्यातले निम्मे त्या पोरीच्या शिक्षणाचे होते. तिने काही विचारले नाही, आणि विचारत नाही म्हणून तिच्या वाट्याची आठवण कोणाला झाली नाही. आम्हालाही नाही. ती दुसऱ्या दिवशी आबांना झाली. घरातल्या कोणाचा हक्क गप्प बसवून केलेली वारी पांडुरंगाला पोचते का, हे आपण आपल्याशीच विचारावे.

महाडच्या मातीला थोर विद्यापीठे अपरिचित नाहीत. महाडहून रायगडाकडे जाताना नाते गाव लागते. तिथे १८९६ साली चिंतामणराव देशमुख जन्मले. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले, पुढे केंब्रिजला शिकले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, मग देशाचे अर्थमंत्री झाले. पण मराठी माणसाच्या मनात ते राहिले ते १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते मंत्रिपद सोडले म्हणून. केंब्रिजच्या पदवीने त्यांना खुर्ची मिळाली असेल. ती सोडण्याचे बळ कोणत्या वर्गात शिकवले जाते, ते आम्हाला माहीत नाही.

दुसरे नाव सांगायला नकोच. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले. एवढी विद्या घेऊन आलेल्या माणसाला कोठेही सुखाने राहता आले असते. ते २० मार्च १९२७ रोजी महाडला आले आणि आपल्या हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. ज्या पाण्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता तिथे माणसांना होता. त्या वेळी आपल्यातले किती माळकरी त्यांच्या बाजूने उभे होते, हा प्रश्न आपल्याला टोचला पाहिजे. त्यांनी १९२० साली काढलेल्या 'मूकनायका'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, आणि महाडनंतर दोनच आठवड्यांनी निघालेल्या 'बहिष्कृत भारता'च्या शिरोभागी माऊलींच्या ओव्या होत्या. कोलंबियाहून त्यांनी जे आणले ते घरात ठेवले नाही; तळ्याकाठी आणून सर्वांपुढे ठेवले.

आपल्याकडे वारीहून कोणी परतला की गाव त्याच्या पाया पडते. का पडते? तो चालून आला म्हणून, आणि तो पिशवीतून बुक्का, लाह्या, कुंकू काढून घरोघर देतो म्हणून. प्रसाद न आणता परतलेला वारकरी कोणी पाहिला आहे काय? थोर विद्यापीठात जाणाऱ्या मुलाला आम्ही हेच विचारू. तू गेला होतास हे कोणाला सांगायचे नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही, छायाचित्र काढायचे नाही, अशी अट घातली तरी तू जाशील का? जाशील तर तुला संगतीची ओढ आहे. मग कर्ज सोडून हवा तो खटाटोप कर आणि जा. आणि परत आलास की वाडीतल्या पोरांच्या हातावर काय ठेवशील? याचे उत्तर तुझ्यापाशी असेल तर आम्हीही चार ठिकाणी पदर पसरू. दोन्हींचे उत्तर नसेल, तर तुला नाव हवे आहे, आणि नावासाठी आजोबाचे शेत फार झाले.

हे सर्व आम्हाला त्या रात्री सुचले नाही. सुचले ते मुलाला. काला झाल्यावर चार दिवसांनी त्याने महाडच्या आपल्या शिक्षकांना कागद दाखवला. त्यांनी शांतपणे वाचून विचारले, "तुझी परीक्षा घेतली होती का? मुलाखत?" मुलगा म्हणाला, "नाही. गुणपत्रक मागितलं होतं." मान खाली होती ती का, ते आता आमच्या ध्यानात आले. त्याला तेव्हाच शंका होती. नारळ मात्र हाती आला होता. मग त्याने विद्यापीठाला पत्र लिहून विचारले, किती मुलांनी अर्ज केले, किती घेतले, आणि फी देता येत नसेल त्याची काय सोय. उत्तर आले. त्यात या प्रश्नांना बगल होती आणि फी भरण्याची मुदत आठ दिवसांनी वाढवली होती. त्याने नको म्हणून कळवले. जुलैत तो लावणीला चिखलात उभा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, शिक्षकांच्या सांगण्यावरून, त्याने भौतिकशास्त्राची देशपातळीवरची परीक्षा दिली. मानखुर्दच्या शिबिराच्या वाटेवरची ती पहिली पायरी. फी काहीशे रुपये. तो पहिल्याच पायरीवर अडला. आम्हाला फोनवर हसत म्हणाला, "मडकं कच्चं निघालं, महाराज." पण त्याने तो पेपर ठेवला आहे. न सुटलेले प्रश्न एकेक करून सोडवतो, आणि रविवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आठवी-नववीच्या मुलांना गणित सांगतो. त्यात त्याची बहीण असते.

आबांच्या मनाची रुखरुख मात्र गेलेली नाही. मागल्या कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात भेटले तेव्हा म्हणाले, "पोराचं काही राहिलं का हो माझ्यामुळे?" आम्ही काही राहिले नाही असे म्हणालो नाही. राहिलेही असेल. तिथली ग्रंथालये, तिथली मुले, एखादा विसोबा खेचर तिथेही भेटला असता. नाकारलेल्या वाटेवर काय होते हे चालल्याशिवाय कळत नाही, आणि चालायला बहिणीचे शेत मोडावे लागत होते. एवढे आम्ही सांगितले. आबा बराच वेळ वाळूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुढं खरीच निवड झाली तर जाईल म्हणतो. तेव्हा अडवणार नाही." आम्ही म्हटले, "तेव्हा आम्हीच एस.टी.त बसवून देऊ."

एक ऋण राहिले होते. यंदाच्या सप्ताहात त्याच मांडवात, कीर्तनाच्या आधी, आम्ही सर्वांसमक्ष सांगितले की दोन वर्षांमागे आम्ही इथे एक नारळ न विचारता दिला, तो मुलाला नव्हता, कागदावरच्या मुद्रेला होता, चूक आमची. मांडव गप्प झाला. मुलगा मागे उभा होता. कीर्तनानंतर पाया पडायला आला तेव्हा आम्ही म्हटले, "रागावला नाहीस ना? त्या नारळाचे मनाला लावून घेऊ नकोस."

तो म्हणाला, "कुठला नारळ, महाराज? तो आईनं दुसऱ्या दिवशी काल्यालाच फोडला. तुम्हीही खाल्लात."

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.